गणपतीच्या महिन्याचं पान

“भिंतीवर आवशीचा चित्र दिसला काय आमचो विश्वेश पयल्या गाडीन नांदगाव स्टेशनार उतारतलो. लिवन ठेवा तुमी,” सत्यवान मास्तर म्हणाले आणि त्यांनी आपलं चित्र टेबलावरच्या अकरा चित्रांच्या वर ठेवलं.

देवगडच्या त्या पतपेढीचं पंचविसावं वर्ष होतं. दर साली कॅलेंडरवर देव असायचे. यंदा जिल्ह्यातल्या चित्रकारांची बारा चित्रं छापायची ठरलं आणि निवडीचं काम एकमताने मास्तरांकडे आलं. एकमत एवढ्यासाठीच, की हायस्कुलात तीस वर्षं चित्रकला शिकवलेल्या माणसाशी वाद घालायची कुणा संचालकाची टाप नव्हती.

सेक्रेटरी दत्तप्रसादने चित्रं चाळली.

“मास्तरांनू, ह्ये अकराय जण मेलेले.”

“मगे? जित्याचा एक घेतला काय धा जण रुसतत. मेलेलो माणूस तक्रार करना नाय.”

“आणि बारावे तुमी.”

“बारावो मी.”

चित्र मास्तरांच्या बायकोचं, विश्वेशच्या आईचं होतं. मागच्या दारी पायरीवर बसून ती फणसाच्या आठळ्या सोलतेय. ती गेल्यावर विश्वेशचं घरी येणं कमी झालं. मग सहा वर्षांपूर्वी बापलेकात भांडण झालं आणि येणं थांबलंच. ठाण्याहून फोन नाही, पत्र नाही. लग्न केलं तेही परस्पर. सुनेचा चेहरा मास्तरांनी पाहिला तो शेजारच्या काशीबाईंच्या मोबाईलवर. “घाईत उरकला असतला,” एवढंच ते तेव्हा म्हणाले होते.

दत्तप्रसाद जरा घुटमळला. “विश्वेशाचाच एखादा चित्र लावया? शाळेत असताना बरी काढी तो. ता बघून तर नक्की येतलो.”

“त्याचो हात कच्चो,” मास्तर म्हणाले.

शाळेच्या प्रदर्शनातही मुलाचं चित्र त्यांनी याच कारणाने कधी लावलं नव्हतं. भांडण या जुन्या गोष्टीवरूनच उकरलं गेलं होतं.

पानही मास्तरांनीच निवडलं. नवीन कॅलेंडर हातात आलं की इथला माणूस आधी गणपती कधी ते बघतो, जानेवारी मागाहून. तेव्हा गणपतीचा महिना त्यांनी स्वतःला घेतला. विश्वेश लहानपणापासून पतपेढीचा सभासद. त्याला कॅलेंडर टपालाने जाणारच होतं.

डिसेंबरात गठ्ठे आले. दत्तप्रसादने गणपतीचं पान उघडलं आणि ते मास्तरांपुढे धरलं. अकरा नावांना ‘कै.’ लावता लावता छापखानेवाल्याचा हात काही थांबला नव्हता. चित्राखाली ठसठशीत अक्षरांत होतं: कै. सत्यवान घाडी, देवगड.

“सगळ्या कॅलेंडरांवर कागदाच्यो पट्ट्यो चिकटवतंव, मास्तरांनू. आजच्या आज.”

मास्तरांच्या तोंडावरचा रंग उडाला. मग हळूहळू परत आला.

“काय चिकटवा नको. आसांदे.”

“अवो, अशुभ ता.”

“बापूस आजारी म्हटल्यार तो येवचो नाय. मेलो म्हटल्यार त्याका यवकच व्हया.”

आणि ठाण्याचं पाकीट त्यांनी स्वतः डिंक लावून बंद केलं.

घरी येऊन त्यांनी मधली खोली झाडून घेतली. काशीबाईंना मुलासाठी सांगून ठेवलं, “झिल इलो काय सुरमय करा.”

“मेलेल्याच्या घरात सुरमय?” काशीबाई म्हणाल्या.

“तो इलो की मी जितो होतलंय.”

“म्हणजे तुमका बघून तो मरतलो.”

कॅलेंडर पाहून विश्वेश सोडून सगळे आले. कसालहून एक जुना विद्यार्थी मोठा हार घेऊन आला आणि ओट्यावर बसलेल्या मास्तरांना निरखत म्हणाला, “तुमी मास्तरांचे भाव काय? अगदी तसेच दिसतास.”

मास्तरांनी मान डोलावली आणि हार ठेवून घेतला.

“मास्तर तसे लय हेकट,” विद्यार्थी चहा पिताना म्हणाला. “कोणाक कधी बरा म्हणूक नाय. पण आता काय बोलूचा.”

मास्तरांनी परत मान डोलावली. दुसरं काही करणं शक्य नव्हतं.

जानेवारी तसाच गेला. रोज मुंबईहून येणाऱ्या गाडीच्या वेळेनंतर दोन तास मास्तर ओट्यावरून हलत नसत. फेब्रुवारीत एका सकाळी ते पतपेढीत गेले, तेव्हा दत्तप्रसाद त्यांची नजर चुकवू लागला.

“काय झाला?”

“माका ऱ्हवाक नाय, मास्तरांनू. आठ दिस झाले, विश्वेशाक पत्र धाडलंय. छापण्यात चूक झाली म्हणान माफी मागलंय. तुमी खुशाल आसास म्हणान लिवलंय.”

मास्तर इतके भडकले की काउंटरवरची दोन माणसं पासबुक न भरताच निघून गेली. मग ते पाणी प्यायले, बसले, आणि त्यांनी विचार केला.

“बरा केलंस,” ते म्हणाले. “दुखान नाय इलो, तर आता रागान येतलो. बापसान फसवल्यान म्हणान भांडूक तरी येतलोच.”

दुपारी फोन वाजला. दत्तप्रसादने पलीकडचं नाव ऐकलं, घाईघाईने स्पीकर लावला आणि बोटाने मास्तरांना गप्प बसायची खूण केली. मास्तरांनी खुर्ची पुढे ओढली.

“नमस्कार, मी ठाण्याहून चारुता बोलतेय, विश्वेशची बायको. तुमचं पत्र मिळालं. कॅलेंडरही मिळालं. सासूबाईंचं चित्र फारच सुंदर आहे हो, विश्वेशने ते कापून फ्रेम करून घेतलंय. पण माफी कसली मागताय? तुमचा काहीतरी गोंधळ होतोय, दुसऱ्याच कुणाला तरी धरताय तुम्ही. कॅलेंडरवर अगदी बरोबर छापलंय. माझे सासरे आमच्या लग्नाच्या आधीच वारले. विश्वेश दर वर्षी त्यांचं श्राद्ध घालतो.”