सालीसकट बाभळ

वखारीत शिरायच्या आधी दैवशालानं स्वतःला पुन्हा बजावलं, पलंग हा शब्द तोंडातून काढायचा नाही. फर्निचर म्हटलं की अणदुरात लाकडाचा भाव चढतो, असं तिच्या भावानं, बिभीषणनं, बजावलं होतं. तो टेम्पो घेऊन रस्त्यावरच थांबला होता.

पलंग मात्र व्हायलाच हवा होता. तिचे सासरे, लिंबाजीमामा, चांगले उंचेपुरे. जमिनीवर आडवे झाले की दोघांनी धरल्याशिवाय उठता येत नव्हतं, आणि विकतचा पलंग त्यांना पुरत नव्हता. दैवशाला मोबाईलवर बघून बघून करवत चालवायला शिकली होती. त्यात दाखवायचे ते सालीसकट रांगडे पलंग तिला फार आवडले होते. स्वस्तही पडणार होते.

वखारवाला गुंडाप्पा जळणाच्या ढिगापाशी बसला होता. तिनं बाभळीच्या ओंडक्यांवर हात फिरवला. वाळलेलीच द्या म्हणाली, साल राहू द्या, वाकडी असली तरी चालतील. त्यानं लांबी विचारली. तिनं पिशवीतली सुतळी काढून ताणून धरली.

"एवढी. आमच्या मामांच्या उंचीची. वर थोडी जास्तच."

गुंडाप्पा उठून उभा राहिला. "लिंबाजीअण्णांसाठी?"

"व्हय. आत्ताच न्यायची हायत."

तुमचे मालक कुठं आहेत, त्यानं हळूच विचारलं. पुण्याला, ती म्हणाली. त्यांच्या सुट्टीची वाट बघत बसलं तर मामांचेच हाल.

"मंग करणार कोण?"

"म्याच."

"बाईमाणसानं?"

"का? बाईमाणसाला हात न्हाईत व्हय?"

गुंडाप्पानं तिच्याकडं बघून हात जोडले. मग बाजूला जाऊन कुणाला तरी फोन केला आणि मागची चांगली, जाड बाभळ काढायला लावली. दैवशाला घासाघीस करायला पदर खोचूनच आली होती. त्यानं बोलूच दिलं नाही.

"पैशाचं राहू द्या, ताई. आमीबी माणसंच हावोत."

टेम्पोत बसल्यावर ती बिभीषणला म्हणाली, जगात अजून भली माणसं आहेत. उरलेल्या लाकडाचा एक चौरंगही निघेल. बिभीषण म्हणाला, पुढच्या खेपेला मलाबी आत घेऊन चल, आमच्याकडं खुर्च्या न्हाईत.

गावात शिरताना किराणा दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं दिसलं. पारावरची माणसं उठली आणि गप टेम्पोच्या मागं चालू लागली. आपल्या गावाला कामाची एवढी हौस आहे हे दैवशालाला आजच कळत होतं. लाकडं उतरवायची काळजी मिटली.

मामांना खुर्चीत बसवून घराचं दार तिनं जाताना लोटून घेतलं होतं, तसंच होतं. बायका अंगणात तिचीच वाट बघत थांबल्या होत्या. शेजारच्या सारजाबाई पुढं आल्या, तिच्या गळ्यात पडल्या आणि हुंदके देऊ लागल्या. काय झालं, असं ती विचारणार तोच दार करकरलं.

भिंतीला धरून, कुणाचाही हात न घेता, लिंबाजीमामा उंबऱ्यात येऊन उभे राहिले. त्यांनी टेम्पोतली बाभळ बघितली, टोप्या काढून उभी असलेली माणसं बघितली.

"दैवशाला," त्यांनी विचारलं, "कोण गेलं गं?"