पाव सेकंद उशिरा

धोंडीरामच्या सत्काराला अर्धा तास होता, तेवढ्यात तंत्रज्ञ नीलांबरीने त्याला चकती तपासायला बोलावलं. पत्रे दाबणाऱ्या प्रेसवरच्या प्रत्येक जुन्या कामगाराच्या मणक्यात कारखान्याने ही चकती बसवली होती. धोका जाणवला की मेंदूची वाट न बघता ती हात हलवायची.

"काका, परवा प्रेसखालून शेजारच्या रफीकचा हात तुम्ही ओढला नाहीत," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "चकतीने ओढला."

"ती तर फक्त आपलाच हात वाचवते ना?"

"गेल्या महिन्यात तिच्यात सुधारणा केली, तेव्हापासून शेजारच्याचाही वाचवते."

पडद्यावर दोन रेघा होत्या. पहिली चकतीची. दुसरी त्याच्या मेंदूतून निघालेल्या हुकमाची, पाव सेकंद उशिरा पोचलेली.

"मग मेंदूनेही तेच सांगितलं असेल की!"

नीलांबरीने पडदा बंद करायला हात पुढे केला. त्याने पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाली, "नाही काका. स्वतःचा हात मागे घे, असा हुकूम होता. घाबरल्यावर कुणाचाही तसाच असतो. मी कुणाला सांगणार नाही."

मंडपात शाल आली, नारळ आला, साहेबांचं भाषण झालं. धोंडीराम मान खाली घालून उभा होता. मग रफीकची आई पुढे आली. "माझ्या लेकराचा हात राखलात, भाऊ," म्हणत तिने डोळ्यांना लावायला त्याचा उजवा हात धरला.

त्याने तो झटकन मागे ओढला.

जवळपास धोका कसलाच नव्हता. चकती गप्प होती. हा हुकूम त्याचा स्वतःचा होता.