‘ळ’ची जागा

अकरा महिने त्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. प्रकाशकांनी लिहिलं होतं, “आपल्या वनस्पतिकोशातला क्रम चुकला आहे. कॉम्प्युटर केळ आधी लावतो, केवडा नंतर. दुरुस्ती मान्य नसेल, तर पुस्तक छापता येणार नाही.” कोशामागे माझी वीस वर्षं गेली होती. तरी वाटलं, मशीनपुढे आपणच चुकत असू. खात्री करायला म्हणून कॉम्प्युटरच्या प्राथमिक वर्गात नाव घातलं.

आज शब्दांची यादी क्रमाने लावायचा धडा होता. मी कोशातली नावं टाइप केली. केळ केवड्याच्या आधीच आली.

“बरोबर आलं की, काका,” असनारे मॅडम म्हणाल्या.

“पण ‘ळ’ तर ‘ह’नंतर येतो ना? याला मुळाक्षरं कोणी शिकवली?”

“कोणीच नाही हो. प्रत्येक अक्षराला नंबर असतो, तो बघून लावतो. ‘ळ’चा नंबर ‘ल’च्या लगेच पुढचा आहे.”

“म्हणजे हा बिगरीतसुद्धा बसलेला नाही!”

मागचा बाक हसला. मी इतक्या मोठ्याने बोललो, याचं मलाच नवल वाटलं.

मग मॅडमना विचारत विचारत मी ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत मुळाक्षरं स्वतः टाइप केली आणि याच क्रमाने लाव, असं त्याला सांगितलं. केवडा वर गेला, केळ खाली आली.

घरी न जाता पोस्टात शिरलो. अंतर्देशीय पत्रावर लिहिलं, “क्रम बरोबर आहे. कॉम्प्युटरला मी शिकवलं, तुम्हीही शिकवा. जमत नसेल तर हस्तलिखित परत पाठवा.” सही केली आणि पत्र पेटीत टाकलं.