पडलेल्या इसमास विनंती

चौथ्या मजल्यावर माणूस पडला. म्हणजे तसं कुणीच पडलं नाही; आम्ही अकरा कामगार, अकराही उभे.

पण भिंतीवरचा वायरलेसचा डबा पडलेला माणूस लहरींवरून ओळखतो, आणि तो उठेपर्यंत साइटचं गेट उघडत नाही.

"मिस्त्री, माझी लेक वाट बघतेय. तुम्हीच एकदा पडून उठा, डब्याचं समाधान होईल," सुतार मला म्हणाला.

मी आडवा झालो. डब्याच्या पडद्यावर पडलेल्यांचे लाल ठिपके एकाचे दोन झाले. उठलो, तर एक उरला.

"तुमच्या पायाशीच आहे," सुपरवायझर म्हणाला. "श्वास चालू दाखवतोय."

मी चार पावलं सरकलो. ठिपकाही सरकला.

आज तिसरा दिवस. अर्ज फळ्यावर लावलाय: सदर इसमाने माझा पाय सोडून त्वरित उठावे, ही नम्र विनंती.