टाचणी

मेंदूत गेलेल्या तापानंतर अलकनंदाला जुनं सगळं आठवतं, नवं काही राहत नाही. नोएडाच्या संशोधन केंद्रात डॉक्टर सुनीती तिला दर वेळी नव्यानं आपली ओळख करून देतात.

गेल्या खेपेला त्यांनी तळहातात टाचणी लपवून तिच्याशी हात मिळवला होता. आज अलकनंदानं त्यांना ओळखलं नाही, तरीही हात दिला नाही.

"बघा काका," डॉक्टर मला म्हणाल्या, "नाव, चेहरा सगळं पुसलं जातं. पण दुखलेलं अंग विसरत नाही. अच्छा, आता तुम्ही हात द्या."

मी उजवा हात पुढे केला. अलकनंदा, माझी बायको, माझ्याकडे बघून गोड हसली आणि तिनं दोन्ही हात पदराआड घेतले.

"अगं, मी कधी तुझ्यावर हात उगारलाय का?"

"छे हो, काहीतरीच!" ती म्हणाली. हात मात्र बाहेर येईनात.

मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्या खाली बघत होत्या.

निघताना त्यांना नमस्कार करायला मी हात जोडू गेलो. उजवा हात छातीशी आला. डावा पाठीमागे गेला होता, आणि काही केल्या तो उजव्याजवळ येईना.