तिसरं कोणी नाही

"पुढच्या वेळी नवऱ्याला घेऊन ये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि हात धुवायला उठल्या.

शितल खुर्चीतून हलली नाही. तलासरीच्या या दवाखान्यात ती औषधाला कमी आणि आपला खरेपणा शाबीत करायला जास्त आली होती. पावसाळा संपल्यापासून तिच्या अंगावरून पांढरं जात होतं, वासही यायचा. असला आजार पुरुषाकडूनच लागतो, असं पाड्यावर सगळ्यांचं म्हणणं. तिच्याबरोबर राहणाऱ्या जानीने मग एक दिवस भाकरी थापता थापता विचारलंच, कोण तो? तेव्हापासून जानीचं अंथरूण वेगळं. आज सोबत आली खरी, पण बाहेर बाकावर तोंड फुगवून बसली होती.

"नवरा नाय, म्याडम," शितल म्हणाली. "मी नि जानी राहतो. नवरा-बायको राहतात तशा."

बोलून गेली आणि ती उठायच्या तयारीतच बसली. आता ही बाई हाकलून देणार, अशी तिची खात्रीच होती.

डॉक्टरीणबाईंनी टॉवेल जागेवर ठेवला. "मग तिला बोलव ना आत."

जानी आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. शितल तिच्याकडे न बघता म्हणाली, "तूच सांग हिला, म्याडम. मी कोनाकडं गेली नाय."

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. याला पुरुष लागतोच असं नाही. कधी आपलं आपणच होतं, कधी बाईकडून बाईलाही जातं. गोळ्यांनी बरं होतं, पण एकीला असलं तर दुसरीलाही तपासलेलं बरं. मग त्यांनी जानीला विचारलं, तुला काही त्रास?

जानीने मान खाली घातली. "हाय," ती म्हणाली. "हिच्या आधीपासून."

शितलच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचंच. "नि मला विचारत होतीस?"

"मी सांगितलं असतं तर तू मला विचारलं असतंस, कोण तो."

डॉक्टरीणबाईंनी जानीला तपासणीच्या टेबलाकडे नेलं, पडदा ओढला आणि शितलला अलीकडेच थांबायला सांगितलं. आतून जानीचा घाबरा आवाज आला, दुखतं का म्हणून.

शितलचा राग अजून गेला नव्हता. तरी पडदा सारून ती आत शिरली आणि जानीचा हात धरला.

"मी नाय जात, म्याडम," ती म्हणाली. "माझं मानूस हाय ते."