परीक्षकाची अकरा पत्रे

"वाचनालयाच्या कथास्पर्धेचे परीक्षक श्री. प्रभाकरराव यांनी १९९७ ते १९९९ या काळात सौ. मोहिनी यांना अकरा अपमानकारक पत्रे लिहून एका नवोदित लेखिकेचे खच्चीकरण केले, असे समितीचे ठाम मत झाले आहे."

हिंगणघाटच्या त्या वाचनालयाच्या ठरावात कर्ता होता, कर्म होते आणि ठाम मत होते. पुरावा तेवढा नव्हता. तो शोधण्याचे काम, मत ठाम झाल्यानंतर, मराठीच्या प्राध्यापिका रक्षा यांच्याकडे सोपवण्यात आले.

पत्रे मोहिनीच्या कपाटात, साड्यांच्या घड्यांत, तिच्या नवऱ्याला सापडली होती. तक्रारही त्याचीच, धनंजयची. प्रत्येक पत्र चार पानी, टाइप केलेले. खाली नाव नाही, फक्त "परीक्षक". गावात परीक्षक एकच आणि तेही बावीस वर्षे. समितीला अधिक विचार करावा लागला नाही.

रक्षाने नोंदवह्या मागवल्या. आवक वहीत मोहिनीची एकही कथा नव्हती. जावक वहीत तिला गेलेले एकही पत्र नव्हते. पाकिटे तर कुणी पाहिलीच नव्हती.

मग तिने परीक्षकांचे जुने अभिप्राय वाचले. बावीस वर्षांत, तीनशेहून अधिक कथांवर, प्रभाकररावांनी दोनच मते नोंदवली होती: "बरी" आणि "बरी नाही".

आणि या पत्रांत होते: "तुमची अन्नपूर्णा सासूचे औषध लपवते आणि पुढच्याच ओळीत तुम्ही तिला रडवता. रडवू नका. औषध कुठे ठेवले ते तिला आता आठवत नाही, एवढेच लिहा."

निवृत्त मुख्याध्यापक प्रभाकरराव घाबरले होते.

"मॅडम, मी कायले असं लिहू? परीक्षकपद गेलं तं या गावात मले कोण विचारते?"

"तुम्ही पत्रे वाचली आहेत का?"

"नाई. कोणी दाखवलीच नाई."

रक्षाने ती पुढे केली. ते वाचू लागले. चहावर साय धरली, तरी वाचत राहिले. शेवटी त्यांनी विचारले, "दोन दिवस ठिवू का माझ्यापाशी?"

दुसऱ्या दिवशी रक्षा धनंजयच्या जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, गेली. ऑफिसचा पत्रव्यवहार मोहिनी पाहत असे. टाइपरायटरवर कापसाचे तंतू चिकटले होते.

"धनंजयराव म्हणतात, या पत्रांमुळे तुमचं लिहिणं थांबलं."

"थांबाले आधी सुरू तं व्हावं लागते, मॅडम."

"मग कथा?"

"एकबी नाई." मोहिनीने यंत्रावर कापड ओढले. "कागद घेतला का डोक्यात परीक्षक बोलाले लागत. पहिली ओळच सुचू देत नव्हते. मंग म्हटलं, आधी या परीक्षकायचंच लिहून टाकू, मंग आपलं लिहू. त्यायचंच संपेना."

रक्षा गोंधळली. "न लिहिलेल्या कथांवर टीका?"

"मलेच समजून नाई राह्यलं. कथा नाई अन् टीका हाय. हे कोणतं लिहिणं?"

"हेच लिहिणं, मोहिनीताई. त्या पत्रांत अकरा कथा आहेत."

"मजाक नका करू."

"नवऱ्याला सांगितलं का नाही?"

"काय सांगू? म्हणले असते, सोतालेच शिव्या द्यायले माह्या टाइपरायटरची फीत संपवून राह्यली!"

रक्षा हसली नाही. "सभेत सांगावं लागेल. नाहीतर त्या म्हाताऱ्याचं पद जाईल."

"लोकं हासतील."

"हसतील. मग वाचतील."

"अन् इतकं चांगलं मी लिहिलं, हे कोणाले खरं वाटन? मलेच वाटत नाई." तिने यंत्रावरचे कापड नीट केले. मग म्हणाली, "येतो मी सभेत."

रविवारी सकाळी सभा भरली. रक्षाने अहवालात पत्रे प्रभाकररावांची नाहीत एवढेच म्हटले; शिक्षेविषयी अवाक्षर काढले नाही. तिसरे पत्र तेवढे वाचून दाखवले. अध्यक्ष बबनराव, ज्यांचा पुस्तकांशी संबंध उद्घाटनापुरता होता, भारावून म्हणाले, "हे तं छापाले पायजे! आपल्या सुवर्णमहोत्सवाचं पुस्तक हेच. पण लिहिलं कोणं?"

मोहिनी उभी राहिली.

"मी लिहिली. अकराही."

हे एक वाक्य लिहायला तिला दोन वर्षे लागली होती. मागच्या रांगेतून कोणी फिसकन हसले. धनंजयने मागे वळून पाहिले आणि हसू थांबले. मोहिनी बसली नाही.

बबनराव आधी चक्रावले, मग प्रसन्न झाले. ठराव मागे घेतल्याचे त्यांनी जाहीर केले आणि प्रभाकररावांकडे वळून म्हणाले, "सुटले बा सर तुमी! आता दोन शब्द बोला."

प्रभाकररावांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला, त्यावर तिथेच पेनने दोन वाक्ये वाढवली आणि सावकाश वाचला. सभेच्या इतिवृत्तात त्यांचे निवेदन शब्दशः नोंदले आहे:

"अकराही पत्रे मीच लिहिली. मोहिनीबाई कनवाळू आहेत, म्हणून माझा गुन्हा स्वतःवर घेत आहेत. गुन्हा मला कबूल आहे. परीक्षकपदाचा राजीनामा सोबत जोडला आहे. पुस्तकावर नाव मात्र माझेच असावे."